साउंड चेकला हे काय लावता, भाऊ? ‘टेक्नो’ अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या वणी-घुगुसच्या कोळसा पट्ट्यात मी मंडप आणि साउंडचं काम करतो. लग्न असो, भागवत सप्ताह असो की शंकरपट, स्पीकरच्या पेट्या उतरवून वायरिंग झालं की लोक जमायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मी एकच अल्बम लावतो. जर्मनीच्या ‘इलेक्ट्रिक कॉलबॉय’ या बँडचा ‘टेक्नो’. मग आचारी, खुर्च्या लावणारी पोरं, नवरदेवाचा मामा, कोणी ना कोणी येऊन विचारतंच. गेल्या तीन हंगामांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एकदाच नीट लिहितो आहे.

हे काय लावलं बे? डीजे आहे का भांडण?

दोन्ही ऐकू येतं, कारण दोन्ही आहे. एक बाजू मेटलकोअरची: जाड गिटार, जोरकस ड्रम, गर्जना केल्यासारखा आवाज. दुसरी बाजू नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची: सिंथेसायझर, एकसारखा पडणारा ठोका, सगळ्यांना पाठ होईल असं धृपद. हा अल्बम सप्टेंबर 2022 मध्ये आला. गाणी दहा, आणि सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत संपतात. जर्मनीत विक्रीच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला होता. म्हणजे दहा-वीस वेड्या पोरांपुरती ही गोष्ट नाही.

मेटलकोअर म्हणजे नेमकं काय?

हार्डकोर पंक आणि मेटल या दोघांचं लग्न. अमेरिकेत 1990 च्या दशकात ही सोयरीक पक्की झाली. पंककडून आला राग, घाई आणि सगळ्यांनी मिळून ओरडायची सवय. मेटलकडून आली गिटारची जड, बारीक कारागिरी. दोघांच्या संसारात जे खास निपजलं, त्याला म्हणतात ब्रेकडाउन.

ब्रेकडाउन समजावायला मला आपल्या भजनी मंडळाचाच आधार घ्यावा लागतो. भजनात ठाय म्हणजे संथ लयीपासून सुरू करून मंडळी दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात जातात, गजर चढतो, टाळ-खंजिरीचा एकच कल्लोळ होतो. ब्रेकडाउनमध्ये नेमकं उलटं घडतं. दुगुणीत पळणारं गाणं एका क्षणात ठायीत येतं. मात्रा त्याच वेगाने मोजल्या जात असतात, पण ठोके विरळ होतात आणि प्रत्येक ठोक्यावर गिटार आणि मोठा ड्रम एकत्र आदळतात. ठोके कमी झाल्यामुळे प्रत्येकाचं वजन वाढतं. धान्याचं पोतं चार जणांनी धरलं तर हलकं लागतं आणि एकाच्या पाठीवर आलं की कळतं, तसं.

मग यात नाच कुठून घुसला?

हे मिश्रण या बँडने शोधलेलं नाही. इंग्लंडच्या ‘एंटर शिकारी’ने 2007 मध्ये पहिल्याच अल्बममध्ये हार्डकोर आणि ट्रान्स हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र केलं होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये असे बरेच बँड निघाले. लोकांनी त्याला ‘इलेक्ट्रॉनिकोअर’ हे नावही दिलं. पण त्यातल्या बहुतेकांचं मला एक खटकतं. जड गाणं चाललं आहे, मध्येच थांबतं, दहा सेकंद डिस्को, पुन्हा जड. ताटात दोन भाज्या आहेत, पण एकमेकींना शिवत नाहीत. ‘टेक्नो’मध्ये वरण-भात कालवल्यासारखं झालं आहे.

आणि ते का झालं असावं, हे मला त्यांच्या गावाकडे बघून कळलं. बँड आहे कास्ट्रोप-राउक्सेलचा. डॉर्टमुंड आणि बोखुमच्या मधलं हे गाव. सगळा प्रदेश रूरचा, म्हणजे कोळशाचा. तिथे ‘एरिन’ नावाची मोठी खाण होती. आयर्लंडहून आलेल्या माणसाने सुरू केली, म्हणून तिचं नाव त्याच्या देशावरून पडलं. ती 1983 मध्ये बंद झाली, पण तिचा मनोरा अजून गावात उभा आहे. सगळ्या जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण त्याच प्रदेशात, बोट्रोपला, डिसेंबर 2018 मध्ये बंद पडली. खाणी मिटत होत्या त्याच काळात शेजारच्या डॉर्टमुंडच्या मोठ्या सभागृहांत रात्र-रात्र टेक्नोचे कार्यक्रम चालायचे. ज्या मुलांच्या भोवती एका बाजूला लोखंड-कोळशाचा इतिहास आणि दुसऱ्या बाजूला अख्खी रात्र नाचणारी माणसं, त्यांच्या हातून दोन्ही एकाच गाण्यात उतरलं तर मला नवल वाटत नाही.

आमचे बाबा ओपनकास्ट खाणीत डंपर चालवायचे. मी कोळशाच्या धुळीतच मोठा झालो. रूर मी पाहिलेलं नाही, पण हे संगीत ऐकताना ते परकं वाटत नाही.

नावात ‘टेक्नो’ का? टेक्नॉलॉजीवर गाणी आहेत का?

नाही. टेक्नो हा नाचाच्या संगीताचा प्रकार, 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात काळ्या तरुणांनी घडवलेला. पुढे जर्मनीने तो उचलला आणि घरचाच केला. जर्मन लोक कधी कधी त्याच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘के’ घालतात. अल्बमच्या नावात तसंच आहे.

पोरगं कावून ओरडून रायलं? त्याचा गळा नाही बसत का?

हा प्रश्न बाया-माणसं जास्त विचारतात, आणि काळजीने विचारतात. सगळ्यात आधी आमच्या आईनेच विचारला होता.

हे ओरडणं शिकावं लागतं. आपण रागात ओरडतो तेव्हा स्वरतंतू एकमेकांवर घासले जातात आणि दुसऱ्या दिवशी आवाज जातो. हे गायक वेगळं करतात. स्वरतंतूंच्या थोडं वर कातडीच्या दोन घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. पोटातून श्वासाचा नेमका दाब देऊन या घड्या थरथरवल्या की तो खरखरीत, खोल आवाज निघतो. मुख्य स्वरतंतूंवर ताण कमी पडतो. श्वास चुकला तर मात्र त्यांचाही गळा बसतो. म्हणून पोरांनो, मोबाइलवर बघून शेतात जाऊन किंचाळत बसू नका. दुखलं की थांबा.

या बँडमध्ये दोन गायक आहेत. केव्हिन राटायचाक सुरुवातीपासून आहे आणि कीबोर्डही वाजवतो. निको झालाख 2020 मध्ये आला. निको आल्यानंतर बँडचा आवाज मोकळा झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. तो सरळ सुरात गातो तेव्हा आवाज लख्ख असतो, आणि त्याच श्वासात गुरगुरण्यावर उतरतो. चिडलेला नाही तो. आईला मी एका कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवला, त्यात गाणं संपल्यावर तो लहान पोरासारखा हसत होता. तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

आपला धुमाल बी असाच वाजते ना?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, आणि बरोबर आहे. नागपूरचा धुमाल ज्याने गणपतीत किंवा संदलच्या मिरवणुकीत ऐकला आहे, त्याला हा अल्बम अर्धा आधीच समजलेला आहे.

धुमालमध्ये काय असतं? गाडीवर रोषणाई, भोंगे, पेट्या. एकीकडे कातडी वाद्यं, हाताने आणि काडीने जीव तोडून वाजवलेली. दुसरीकडे कॅसिओ, पॅड, म्हणजे निव्वळ इलेक्ट्रॉनिक. चाल कॅसिओवर, वजन ढोलावर. कोणी तिथे विचारत नाही की हे पारंपरिक आहे की आधुनिक. रस्ता हलला पाहिजे, बस. इलेक्ट्रिक कॉलबॉयमध्ये कॅसिओच्या जागी सिंथेसायझर आहे, ढोलाच्या जागी ड्रम आणि गिटार. चाल वर, वजन खाली, ही वाटणी तीच.

फरक कुठे आहे तर जागा सोडण्यात. धुमालवाले थांबत नाहीत. त्यांची शान न थांबण्यात आहे. मिरवणूक पुढे सरकत असते, ठोका तुटला तर पाय तुटतात. ‘टेक्नो’ मात्र थांबतो, आणि मुद्दाम थांबतो. ठोका चढत जातो, आवाज वर वर जातो, आता फुटणार असं वाटतं, आणि अचानक अर्धा सेकंद काहीच नाही. मग ब्रेकडाउन.

ही युक्ती मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ओपनकास्टच्या जवळ राहणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत आहे. दुपारी आधी सायरन होतो. कामं थांबतात, माणसं लांब सरकतात, शेतातले बैलसुद्धा कान टवकारतात. सायरन बंद होतो. आणि मग ती शांतता, जिच्यात काही वाजत नाही पण सगळे ऐकत असतात. त्यानंतर जमीन हलते, घरातली भांडी किणकिणतात. मी हा अल्बम पहिल्यांदा घरी मोठ्या पेटीवर लावला तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. पहिल्याच गाण्यात तो थांबा आला आणि ते सहज बोलून गेले, “सायरन झाला, आता ब्लास्टिंग.” आणि झालंच. त्यांना इंग्रजी येत नाही, मेटल हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. पण गाण्याची रचना त्यांनी माझ्याआधी ओळखली.

यावर नाचायचं कसं?

ठोका सरळ चारवर आहे. ‘वन टू थ्री फोर’, प्रत्येक मात्रेवर मोठा ड्रम. वरातीत नाचता तसंच नाचा. ब्रेकडाउन आलं की पायांचं काम थांबवून मान आणि खांदे वापरा. तिकडे लोक गोल रिंगण करून एकमेकांना धडका देतात. कोणी पडला तर आधी त्याला उचलायचं, हा तिथला नियम. आमच्याकडे खुर्च्या लागलेल्या असतात, त्यामुळे मी तो प्रकार करू देत नाही.

पहिल्यांदा कोणतं गाणं ऐकू?

‘पंप इट’. अल्बमची सुरुवातच त्याने होते. व्यायामाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या थाटात त्याचा व्हिडिओ केलेला आहे. युरोपातल्या देशांच्या गाण्यांची जी युरोव्हिजन स्पर्धा होते, तिच्या 2022 च्या फेरीसाठी बँडने हे गाणं जर्मनीकडून पाठवायचा प्रयत्न केला होता. देशातल्या निवडीतच ते बाद झालं आणि चाहत्यांनी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. त्यानंतर ‘वी गॉट द मूव्ह्ज’ ऐका. मी पेट्या तपासतो ती याच गाण्यावर, कारण यात खालचा बेस, मधली गिटार आणि वरची शिट्टीसारखी सिंथ (म्हणजे सिंथेसायझर) या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कळतात. टॉप, म्हणजे वरचे सूर देणारी पेटी, फाटलेला असेल तर पहिल्या मिनिटात उघडा पडतो.

ज्यांना नाचापेक्षा जडपणा हवा त्यांनी ‘पॅरासाइट’ ऐकावं. ‘स्पेसमन’मध्ये फिंच नावाचा जर्मन रॅपर आहे, मला ते गाणं प्रवासात बरं वाटतं, एरवी नाही. एका गाण्याचं नावच इंग्रजी शिवी आहे, ते लेकरांसमोर लावू नका.

‘हुरिकान’ लावल्यावर तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडे का बघत बसता?

कारण तिथे दर वेळी तेच घडतं, आणि मला दर वेळी ते बघायचं असतं.

जर्मनीत ‘श्लागर’ नावाचा गाण्याचा प्रकार आहे. गोड, सोपा, टाळ्या वाजवत कुटुंबासकट म्हणायचा. ‘हुरिकान’ तसंच सुरू होतं, जर्मन भाषेत. पाहुणे मंडळी माना डोलावतात. आजीबाई म्हणतात, हे बरं आहे. आणि मग गोडवा कापल्यासारखा तुटतो आणि अल्बममधलं सगळ्यात भयानक ब्रेकडाउन कोसळतं.

झाडीपट्टीचं नाटक रात्रभर बघणाऱ्या माणसाला हे पटकन उमगतं. दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरीकडे जाऊन बघा. सासुरवाशिणीचं दुःख चाललेलं असतं, बाया पदराने डोळे पुसत असतात, आणि पुढच्याच प्रवेशात विनोदी नट येऊन सगळा मंडप हसवतो. प्रेक्षक तक्रार करत नाहीत, कारण रडणंही खरं असतं आणि हसणंही. ‘हुरिकान’मध्ये श्लागरचा भाग मनापासून गायलेला आहे, म्हणून मोडतो तेव्हा लागतो. टिंगल करायची म्हणून वाईट गायला असता, तर काहीच मोडलं नसतं.

विग घालून उड्या मारतात. ही तर नुसती मस्करी वाटते.

विग घालतात, खरं आहे. ‘वी गॉट द मूव्ह्ज’मध्ये तर सगळ्यांच्या डोक्यावर वाटी ठेवून कापल्यासारखे केस आहेत. पण कान देऊन ऐका. ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला सिंथ किंचित दबते आणि लगेच उचलते, त्यामुळे सगळं गाणं श्वास घेतल्यासारखं हलतं. गिटार नेमकी मोठ्या ड्रमबरोबर पडते, केसाइतकीही मागे-पुढे नाही. एवढी मेहनत मस्करीसाठी कोणी करत नाही. तमाशातला सोंगाड्या हसवतो म्हणून त्याला कलावंत म्हणायचं सोडतो का आपण?

एक मान्य करतो: त्यांच्या जुन्या गाण्यांतले शब्द बऱ्याच ठिकाणी उथळ आणि बायांबद्दल वाईट आहेत. ती मी लावत नाही. ‘टेक्नो’ त्या मानाने पुष्कळ समजूतदार आहे.

बँडचं नाव आधी वेगळं होतं ना?

हो. 2010 मध्ये सुरू झाला तेव्हा ‘एस्किमो कॉलबॉय’. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांना ‘एस्किमो’ हा शब्द अपमानाचा वाटतो, म्हणून 2022 मध्ये, हा अल्बम येण्याच्या काही महिने आधी, त्यांनी नाव बदललं. बारा वर्षं कमावलेलं नाव सोडणं सोपं नसतं. कोणत्या शब्दाने कोणाला काय लागतं हे आपल्याकडच्या खेड्यात वेगळं समजावून सांगावं लागत नाही, म्हणून मला त्यांचं हे पाऊल फार मोलाचं वाटतं.

मोबाइलवर लावलं त मजाच नाही आली. असं कावून?

मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो. दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं तो जवळपास काहीच देत नाही. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 82 हर्ट्झला लागते, आणि या संगीतात ती आणखी खाली उतरवतात. बेस गिटार त्याच्याही खाली. म्हणजे गाण्याचं जे वजन आहे, ते मोबाइलमधून बाहेरच पडत नाही. उरतो तो आरडाओरडा, आणि तेवढ्यावरून लोक मत बनवतात. निदान बरे इअरफोन घ्या. ट्रॅक्टरवरच्या टेपला बेस खूप असतो पण मधला आवाज गुदमरतो. तिथे बेस थोडा कमी करा, गिटार उघडेल.

आमच्या वरातीत वाजवाल का?

नवरदेव-नवरी दोघांनी सांगितलं तर एक गाणं, हो. दोनदा वाजवलं आहे. एकदा लोक बाजूला सरकले आणि फक्त सहा पोरं नाचली. दुसऱ्यांदा मी आधी पंधरा मिनिटं नेहमीची गाणी लावून ठोका त्याच वेगावर आणला आणि मग हळूच ‘पंप इट’ घेतलं, तेव्हा वरात थांबलीच नाही. नवरीच्या काकू पुढे होत्या.

आवाज किती ठेवता? कानाला धोका आहे का?

आहे. कोणत्याही संगीताचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, पण 100 डेसिबलला तीच मर्यादा 20 मिनिटांवर येते. पेटीच्या तोंडाशी उभं राहिलं तर 100 सहज ओलांडतो. या धंद्याच्या पहिल्या वर्षी मी पेटीला टेकून काम करायचो. एका रात्रीनंतर उजव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली, ती आजही शांत खोलीत ऐकू येते. तेव्हापासून माझ्या पोरांना मी कानात बोळे घातल्याशिवाय पेटीजवळ जाऊ देत नाही. आणि रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या नियमांतला दंडक आहे. नवरदेवाचा मामा कितीही मोठा असला तरी.

यात देवाधर्माविरुद्ध काही आहे का?

या अल्बममध्ये तसं काही नाही. नाच, प्रेम, रात्र, डोक्यात चालणारा गोंधळ, एवढंच. सप्त्याच्या मंडपात मी तो कीर्तनकार बुवा येण्याच्या पुष्कळ आधी वाजवून बंद करतो, ते विषयामुळे नाही, जागेचा मान म्हणून.

असं आणखी काय ऐकू?

जपानच्या ओसाकाचा ‘क्रॉसफेथ’. जास्त काळोखा, जास्त वेगवान. ‘एंटर शिकारी’चा 2007 चा पहिला अल्बम, मूळ कुठून आलं ते कळायला. इलेक्ट्रिक कॉलबॉयने 2024 मध्ये जपानच्या ‘बेबीमेटल’बरोबर केलेलं गाणंही ऐका. आणि दिल्लीचा ‘ब्लडीवुड’, ज्यांनी मेटलमध्ये ढोल आणि पंजाबी बोल आणले आणि 2019 मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात जाऊन वाजवलं. त्यांचा ढोल ऐकताना माझ्या मनात एकच येतं: एखाद्या धुमालवाल्याला आणि एखाद्या गिटारवाल्या पोराला एका गाडीवर चढवायला पाहिजे. यवतमाळ-चंद्रपूरकडे असं कोणी करत असेल तर पेट्या मी देतो, भाडं नको.

साउंड चेकला येऊन ऐकता येईल का?

या ना. लग्न संध्याकाळचं असेल तर आम्ही तीन-साडेतीनला पेट्या लावून मोकळे होतो. दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, पंधरा-वीस पावलं मागे उभे राहा. तिथे सगळ्यात स्वच्छ लागतं. कापसाचे बोळे माझ्याकडे असतात. आमच्याकडे कापसाला तोटा नाही. ‘पंप इट’ सुरू झालं की बोलू नका, आणि तो थांबा येईल तेव्हा पाय जमिनीवर घट्ट ठेवा.